बिल्जचं पाणी, सूर्याचा उजेड आणि बंदरातली रिकामी जागा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उजेडावर काम करणाऱ्या उत्प्रेरकांनी जहाजांचं सांडपाणी शुद्ध करण्याविषयीचा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचला. लेख चांगला होता. टायटॅनियम डायऑक्साइडची पूड, तिच्यावर अतिनील किरण, आणि पाण्यातल्या घाणीचं शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, हे सगळं सोपं करून सांगितलं होतं. मात्र जहाजावरचे, पाण्यातून तेल वेगळं काढणारे सेपरेटर आता अडगळीत जाणार असा जो सूर शेवटी लागला, तो काही पटला नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. ज्युनियर होतो तेव्हा वायपर-मोटरमन मंडळींबरोबर फ्लोअर प्लेटा उचलून बिल्ज उपसली, चीफ झाल्यावर त्याच बिल्जच्या नोंदींवर सह्या केल्या. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं म्हणणं एवढंच की तंत्र खोटं नाही, त्याची जागा चुकते आहे. बिल्जच्या पाण्यासाठी ते वापरायचं तर बंदरात, किनाऱ्यावर वापरावं. जहाजावरच हवं असेल तर ते बिल्जला न लावता न्हाणीघर, धुलाई आणि गॅलीच्या, म्हणजे स्वयंपाकघराच्या, पाण्याला लावावं.

आधी बिल्ज म्हणजे काय ते सांगतो, कारण लेखात त्याचा उल्लेख नुसतं 'तेलकट पाणी' असा आला होता. इंजिनरूमच्या तळाशी टँकटॉपवर जे जे गळतं, ठिबकतं, सांडतं, ते सगळं कोपऱ्यातल्या खड्ड्यात, बिल्ज वेलमध्ये, उतरतं. समुद्राच्या पाण्याच्या पंपाची ग्लँड गळते, ते खारं पाणी. दमट हवेत इंजिनाच्या एअर कूलरवर पाणी सुटतं, ते गोडं. इंधन स्वच्छ करणारा प्युरिफायर उघडला की जड इंधनाचे थेंब, हायड्रॉलिक तेल, बॉयलरच्या पाण्यातली रसायनं, गंज, काजळी, चिंध्यांचे धागे. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे डिटर्जंट. बंदरात तपासणी होणार असं कळलं की इंजिनरूम चकाचक करायची असते, प्लेटांवर डिटर्जंट ओतून घासाघाशी चालते आणि तो फेस सरळ खाली जातो. घरात पिशवीचं होमोजिनाइज्ड दूध कितीही वेळ ठेवलं तरी त्यावर म्हशीच्या दुधासारखी साय धरत नाही. स्निग्धांश इतका बारीक झालेला असतो की वर यायचं नावच घेत नाही. डिटर्जंट पडलेल्या बिल्जमधल्या तेलाचं नेमकं तसंच होतं, आणि सेपरेटर तर तेल वर येण्याच्या भरवशावरच चालतो.

नियम साधा आहे. जहाजांमुळे होणारं प्रदूषण रोखणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्पोल कराराचं तेलाविषयीचं परिशिष्ट २ ऑक्टोबर १९८३ पासून लागू आहे. ४०० ग्रॉस टनांच्या आणि त्यावरच्या जहाजाने चालत्या प्रवासात, सेपरेटरमधून काढलेलं पाणीच बाहेर सोडायचं, आणि त्यात तेल दहा लाख भागांत १५ भागांपेक्षा जास्त असता कामा नये. जास्त भरलं तर अलार्म वाजतो, व्हॉल्व्ह फिरतो आणि पाणी पुन्हा टाकीत येतं. हे मोजणारा मॉनिटर बहुधा पाण्यातून प्रकाश सोडून तो किती विखुरतो ते बघतो. गंजाचे कण आले तरी त्याला तेलाचा संशय येतो. मग मध्यरात्री तो कोकलायला लागतो आणि सेकंड इंजिनियर डोकं धरून बसतो. काही जहाजांवर सॅम्पलच्या नळीत गोडं पाणी सोडून त्याला गप्प करत, हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. त्यापुढची पायरी म्हणजे 'मॅजिक पाइप', सेपरेटरला वळसा घालून थेट समुद्रात जाणारा चोर-पाइप. 'कॅरिबियन प्रिन्सेस' या प्रवासी जहाजावरचा असा पाइप २०१३ मध्ये नुकत्याच रुजू झालेल्या एका इंजिनियरने उघड केला. त्या प्रकरणात प्रिन्सेस क्रूझ कंपनीने २०१६ मध्ये अमेरिकेत गुन्हा कबूल केला आणि ४ कोटी डॉलर दंड भरला.

ही गोष्ट मुद्दाम सांगतो आहे. जहाजावरचं जे यंत्र त्रास देतं, त्याला बगल दिली जाते. माणसं वाईट असतात म्हणून नव्हे. इंजिनरूममध्ये माणसं मोजकी, कामं ढीगभर, आणि बंदर गाठायची वेळ ठरलेली. रात्र थोडी नि सोंगं फार. तेव्हा नवं यंत्र शास्त्रात कितीही देखणं असलं तरी ते पेलायचं कोणी, हा प्रश्न आधी येतो.

आता उत्प्रेरकाकडे वळतो. १९७२ मध्ये जपानच्या अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांनी दाखवलं, की पाण्यात बुडवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडवर अतिनील प्रकाश पडला की पाण्याचं विघटन होतं. पुढे हेच तत्त्व घाण मोडायला वापरता येईल हे लोकांच्या लक्षात आलं. प्रकाशाचा कण आदळला की स्फटिकातला इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि मागे एक रिकामी जागा राहते. ती जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. हा मूलक भयंकर खादाड. तेलाची साखळी असो, रंग असो, जिवाणूची भिंत असो, समोर येईल त्याचा लचका तोडतो. पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या अब्जांशांत मोजायचं. म्हणजे उत्प्रेरकाच्या कणाला अगदी खेटून असलेली घाणच तो खाणार, दोन इंच लांबची नाही.

इथेच बिल्जची पंचाईत होते. एक तर पाणी काळं, कणापर्यंत प्रकाशच पोहोचत नाही. अतिनील दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते, तिच्यावर तेलाचा थर बसला की दिवा आतल्या आत जळत राहतो आणि बाहेर अंधार. दुसरं, मीठ. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं आणि ते या मूलकांना आयतंच गिळतं. तेल राहतं बाजूला, आणि उत्प्रेरकाची ताकद मिठाशी झुंजण्यात जाते. वर क्लोरिन चिकटलेली नको ती संयुगं तयार व्हायची भीती असतेच. तिसरं, पूड. प्रयोगशाळेत बीकरमध्ये पूड ढवळतात आणि नंतर गाळून घेतात. डुलणाऱ्या जहाजावर नॅनो आकाराची पूड गाळत कोण बसणार? ती गळून समुद्रात गेली तर एक घाण काढून दुसरी टाकल्यासारखं होईल. जहाजावर न्यायचाच तर उत्प्रेरक काचेवर, सिरॅमिकवर किंवा जाळीवर पक्का बसवलेला हवा. तसा बसवला की पृष्ठभाग कमी होतो आणि वेगही उतरतो.

राहिला सूर्यप्रकाश. इंजिनरूममध्ये तो नाहीच. डेकवर आहे, पण कंटेनर जहाजाच्या डेकवर बोट ठेवायला जागा नसते, आणि जिथे असते तिथे खारे तुषार उडत असतात. शिवाय या उत्प्रेरकाचा जो अॅनाटेज हा नेहमीचा प्रकार, त्याला साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश लागतो, आणि जमिनीवर पोहोचणाऱ्या उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के. म्हणूनच दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या उत्प्रेरकांवर, ग्राफायटिक कार्बन नायट्राइड, बिस्मथ व्हॅनडेट वगैरेंवर, जगभर एवढं काम चाललं आहे. ते व्हावंच.

पण या संशोधनावर माझा एक राग आहे, तो इथे काढून घेतो. मुलगी रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होती तेव्हापासून या विषयावरचे शोधनिबंध मी चाळत आलो. बहुतेकांत घाण म्हणून वापरलेलं असतं मिथिलीन ब्लू. डिस्टिल्ड पाण्यात चिमूटभर निळा रंग, त्यात उत्प्रेरक, वर झेनॉन दिवा, आणि तासाभरात पाणी पांढरं. फोटो छान येतो. पण हा रंग स्वतःच प्रकाश शोषतो, स्वतःही विटतो, आणि त्यात ना मीठ, ना काजळी, ना डिटर्जंट. अशा पाण्यावरच्या यशाच्या जोरावर जहाजांचा प्रश्न सुटल्याचं जाहीर करणं म्हणजे बाजारात तुरी. जहाजांच्या नियमकर्त्यांना हे शहाणपण आधीच आलं आहे. १ जानेवारी २००५ पासून बसवायच्या सेपरेटरांची चाचणी इमल्शन झालेल्या, म्हणजे तेल बारीक होऊन मिसळून गेलेल्या, पाण्यावरही घ्यावी लागते, कारण नुसत्या तरंगत्या तेलावर पास झालेली यंत्रं खऱ्या बिल्जपुढे हात टेकत होती.

उजेड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही जोडी जहाजावर कधी गेलीच नाही असं मात्र नाही. बॅलास्टच्या, म्हणजे जहाज स्थिर राहावं म्हणून टाक्यांत भरून घेतलेल्या, पाण्यासाठी स्वीडनच्या अल्फा लाव्हाल कंपनीने वॉलेनियसबरोबर बनवलेल्या प्युअरबॅलास्ट यंत्राच्या पहिल्या पिढीत अतिनील दिवे आणि टायटॅनियम डायऑक्साइड दोन्ही होतं, आणि २००८ मध्ये त्याला मान्यता मिळाली. पण बॅलास्ट म्हणजे तुलनेने निवळ पाणी, आणि तेही दिव्यापर्यंत जाण्याआधी फिल्टरमधून जातं. तिथे काम जीव मारायचं आहे, तेल जाळायचं नाही. एका बंदरातले शिंपले दुसऱ्या बंदरात घर करतात, तो प्रश्न वेगळा.

मग जहाजावर हे तंत्र कुठे शोभेल? माझ्या मते ग्रे वॉटरला. आंघोळीचं, बेसिनचं, लाँड्रीचं, गॅलीत भांडी घासल्याचं पाणी. हे पाणी गोडं असतं, म्हणजे मिठाची कटकट नाही. तेल थोडं, आणि तेही ग्रीस ट्रॅपमध्ये बरंचसं अडतं. उरतो तो साबण, शॅम्पू, थोडे जिवाणू, आणि नेमक्या असल्या पातळ, विरघळलेल्या घाणीवरच उत्प्रेरक चांगला चालतो. गंमत अशी की मार्पोलमध्ये ग्रे वॉटरला नियमच नाही. संडासाच्या पाण्याला आहे. प्रक्रिया यंत्रातून निघालेल्या पाण्यात १०० मिलिलिटरला १०० पेक्षा जास्त कोलिफॉर्म जिवाणू नकोत, असं १ जानेवारी २०१६ पासून बसवलेल्या यंत्रांना बंधन आहे. आंघोळीच्या पाण्याचं मात्र कोणी विचारत नाही. वीस-बावीस खलाशांच्या मालवाहू जहाजाचं ठीक आहे, पण हजारो प्रवाशांच्या क्रूझचा विचार करा. त्यांच्या लाँड्र्या दिवसरात्र चालतात. मुंबई-गोवा क्रूझचं कौतुक आपण सगळेच करतो, मीही नातवंडांना घेऊन जाणार आहे. पण नियम नाही तोवर कोणताही मालक या यंत्रावर पैसा घालणार नाही, मग ते यंत्र टायटॅनियमचं असो की सोन्याचं.

आता बिल्ज. जहाजावर सेपरेटर राहू द्या, डिटर्जंट कमी वापरा, वापराल तर तेल आणि पाणी लवकर वेगळं होऊ देणारं वापरा. आणि उरलेलं हट्टी पाणी बंदरात द्या. मार्पोलनेच बंदरांवर असं पाणी घ्यायची सोय करण्याची जबाबदारी टाकली आहे. बार्ज किंवा टँकर येऊन ते घेऊन जातो, तेलाचा भाग पुनर्प्रक्रियेला जातो आणि खाली उरतं ते गढूळ पाणी. या उरलेल्या पाण्यासाठी उत्प्रेरक हवा, शेवटच्या पायरीवर. किनाऱ्यावर जागा आहे, ऊन आहे, आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. उथळ तिरक्या पत्र्यांवरून किंवा काचेच्या नळ्यांतून पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं. एका फेरीत नाही झालं तर चार फेऱ्या. गोडं पाणी मिसळून मीठ उतरवायचं की आधी रसायन घालून गाळ खाली बसवायचा, हे तिथे ठरवता येतं. आणि नळी तेलकट झाली तर पुसायला दिवसपाळीचा माणूस असतो. स्पेनमध्ये अल्मेरियाला सूर्यप्रकाशावर पाणी शुद्ध करण्याचे असे मोठे प्रयोग कित्येक वर्षं चालू आहेत.

कोणी म्हणेल, कोकणात चार महिने ऊन कुठे असतं? खरं आहे, पावसाळ्यात दिवे लावावे लागतील किंवा पाणी साठवून ठेवावं लागेल. पण मच्छीमार बंदरांपुरतं बघा. ट्रॉलर चारशे टनांच्या खूप खाली, त्यांच्यावर सेपरेटर नसतो, आणि इंजिनाखालचं काळं पाणी पंपाने कुठे जातं हे धक्क्यावर उभं राहिलं की दिसतं. पाण्यावर इंद्रधनुष्यी तवंग, त्यातच बर्फाच्या पाट्या धुतल्या जातात. याच बोटी जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे किनाऱ्याला ओढलेल्या असतात. म्हणजे ऊन नसतं तेव्हा घाणही कमी असते. प्रत्येक मच्छीमार बंदरात बिल्ज घेणारी एक टाकी, तेल वेगळं करणारा एक साधा हौद, आणि पुढे उन्हात काम करणारा उत्प्रेरकाचा एक पट्टा, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. डिझेलवर सवलत देताना बिल्जचं पाणी जमा केल्याची पावती मागा, टाकी आपोआप भरेल.

डहाणूजवळच्या वाढवण बंदराबद्दलही लिहितो. जून २०२४ मध्ये केंद्राने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध मला ठाऊक आहे आणि त्यांची भीती निराधार आहे असं मी म्हणणार नाही. पण बंदर होणारच असेल तर जहाजांचं सांडपाणी घेण्याची सोय आराखड्यात आजच, धक्क्यांच्या बरोबरीने हवी. बंदर सुरू झाल्यावर ती जागा शोधायची म्हणजे वरातीमागून घोडं. आणि त्या सोयीत संशोधकांसाठी एक कोपरा ठेवा, जिथे खरं पाणी मिळेल आणि नळ्या उन्हात मांडता येतील.

माणसं आपल्याकडे आहेत. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी कॅव्हिटेशनने सांडपाणी शुद्ध करण्यावर, आणि प्रकाश-उत्प्रेरकासारख्या दुसऱ्या पद्धतींची त्याला जोड देण्यावर पुष्कळ काम केलं आहे. पाण्यात बारीक बुडबुडे फोडून त्यांच्या दणक्याने घाण मोडायची, ही त्यातली कल्पना. ज्या कॅव्हिटेशनने आमच्या पंपांचे इंपेलर आणि जहाजांचे प्रोपेलर खाल्ले, ज्याला आम्ही जन्मभर शिव्या घातल्या, त्याला कोणी कामाला लावलंय हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. कच्चा मालही दूर नाही. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावरची काळी वाळू इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड आणि टायटॅनियमच्या खनिजाची. अर्थात ती उपसायला निघू नका, किनारा जागेवर राहिलेला बरा.

एक गैरसमज दूर करायला हवा. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर जे डांबरगोळे येतात, त्यांच्यावर हा उपाय नाही. १९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन व्हाल्डेझ' फुटल्यानंतर अमेरिकेत टेक्सासच्या अॅडम हेलर यांच्या गटाने काचेच्या पोकळ, तरंगत्या मण्यांवर टायटॅनियम डायऑक्साइड चढवून तवंगावर टाकायची युक्ती काढली होती. युक्ती सुरेख होती. पण आजही तेल सांडलं की तवंग अडवणारे बूम, तो उपसणारे स्किमर आणि तेल पांगवणाऱ्या रसायनांचे फवारे घेऊनच पळावं लागतं. डांबरगोळा म्हणजे तर कित्येक दिवस समुद्रात लोळून घट्ट झालेलं तेल, त्याच्या पोटात प्रकाश शिरत नाही. तो वाळूतून हातानेच वेचावा लागतो.

शेवटी संशोधक मंडळींना एक विनंती. मिथिलीन ब्लूची बाटली बाजूला ठेवा आणि बंदरात येऊन एक ड्रम बिल्जचं पाणी मागा. सेपरेटरच्या आधीचं एक आणि नंतरचं एक, असे दोन नमुने घ्या. चिठ्ठीवर जहाज कोणत्या इंधनावर चालतं, शेवटची धुलाई कधी झाली आणि कोणत्या डिटर्जंटने, पाणी किती खारं आहे, हे सेकंड इंजिनियरकडून लिहून घ्या. आणि नमुना त्याच दिवशी तपासा, कारण डब्यात राहिलेल्या बिल्जचं तेल भिंतीला चिकटतं आणि आकडा उगाच चांगला येतो.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनियर
रत्नागिरी